कीटकनाशक विकणारा आणि सल्ला देणारा एकच नसावा

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

चतुर्थी जवळ येऊ लागली की गोव्यात फोंडा, डिचोली आणि सत्तरीच्या मोरडांवरील, म्हणजे उंचवट्याच्या शेतांतील, मांडवांना काकड्या, दोडकी आणि कारली लटकू लागतात आणि नेमक्या त्याच दिवसांत कीटकनाशकांच्या दुकानांतली वर्दळही वाढते. मी या भागात कीड सल्लागार म्हणून काम करतो. शेतात जाऊन कीड ओळखणे, तिने नुकसानीची पातळी गाठली आहे की नाही हे मोजून पाहणे आणि त्यानंतरच उपाय सुचवणे, असे या कामाचे स्वरूप आहे. हे काम करताना एक गोष्ट मला सातत्याने खटकत आली आहे. पिकावर काय फवारायचे याचा निर्णय आपल्याकडे बहुतेक वेळा शेतापासून दूर, दुकानाच्या काउंटरवर होतो आणि तो घेणाऱ्याची कमाई विक्रीवर अवलंबून असते. या व्यवस्थेत बदल व्हावा, यासाठी हे पत्र लिहीत आहे.

शेतकरी पिशवीत एखादे पान घेऊन किंवा मोबाईलवर फोटो काढून दुकानात जातो. पानावर छिद्र आहे, कड करपली आहे किंवा पान पिवळे पडले आहे, यापलीकडे त्या फोटोतून फारसे काही कळत नाही. पिवळेपणा रस शोषणाऱ्या किडीमुळे आला आहे, पालाशच्या कमतरतेमुळे आला आहे की मुळाशी पाणी साचल्यामुळे, हे झाड पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. तरीही दुकानदाराला काहीतरी द्यावेच लागते. मग एक कीटकनाशक, एक बुरशीनाशक आणि वर एखादे टॉनिक अशा तीन बाटल्या एकाच पंपात मिसळून मारण्याचा सल्ला मिळतो. दुकानदार वाईट असतात, असे मला मुळीच म्हणायचे नाही. सरकारी कार्यालय बंद असते तेव्हाही त्यांचे दुकान उघडे असते आणि अनेक गावांत शेतकऱ्याचे बोलणे शांतपणे ऐकून घेणारा तोच एक माणूस असतो. पण ज्याला बाटली विकल्यावर पैसे मिळतात, त्याने ‘फवारू नका’ असा सल्ला द्यावा, ही अपेक्षाच अन्यायाची आहे. माझ्या अनुभवात मात्र शेताला सर्वाधिक गरज असते ती नेमक्या याच सल्ल्याची.

नारळाचेच उदाहरण घ्या. माडाच्या झावळांच्या खालच्या बाजूला मेणासारखी पांढरी वर्तुळे घालणारी रुगोज चक्राकार पांढरी माशी भारतात प्रथम २०१६ मध्ये तमिळनाडूतील पोल्लाची भागात आढळली आणि पुढे आपल्या किनारपट्टीवरही पोहोचली. तिच्या अंगातून झिरपणारा चिकट गोड द्रव खालच्या केळीच्या पानांवर आणि मिरवेलीवर पडतो, त्यावर काळी बुरशी चढते आणि सारे कुळागर, म्हणजे माड-पोफळीची मिश्र बाग, काजळी फासल्यासारखे दिसू लागते. ते पाहून बागायतदार घाबरला तर त्यात नवल नाही. अशा वेळी मी खालची झावळी काढून घेतो आणि पातीचा मागचा भाग भिंगाखाली धरतो. तिथे चिकटलेल्या पिल्लांपैकी काही फिकट असतात, तर काही काळी पडलेली असतात आणि काळ्यांपैकी काहींच्या पाठीवर सुईच्या टोकाएवढे गोल भोक असते. हे भोक म्हणजे एन्कार्सिया नावाची इवलीशी गांधीलमाशी माशीच्या पिल्लाच्या शरीरात वाढून, त्याला मारून बाहेर पडल्याची खूण आहे. काळी पिल्ले भरपूर दिसत असतील तर त्या बागेत रासायनिक फवारणी करू नये, कारण फवाऱ्याने आधी मरते ती एन्कार्सिया आणि पांढरी माशी मात्र काही दिवसांत पुन्हा वाढते. पाण्याचा जोरदार फवारा, पिवळे चिकट सापळे आणि काजळीवर स्टार्चचे पातळ पाणी एवढ्यावर बहुतेक बागांचे भागते. स्टार्च वाळून पापुद्रा निघतो, तेव्हा त्याच्याबरोबर काजळीही गळून पडते. शिवाय कुळागरात माडावर उंच मारलेले औषध खालच्या पोफळीवर, जायफळावर आणि झऱ्याच्या पाटात उतरते. तेच पाणी पुढे कोणाच्या तरी घरी जाते. हे सारे काउंटरवर बसून दिसणार नाही.

काजूची गोष्ट याहून गंभीर आहे. कोवळी पालवी, मोहोर आणि कोवळी फळे यांतील रस शोषणारा ढेकण्या खरोखरच मोठे नुकसान करतो आणि काही वर्षी फवारणी टाळताच येत नाही. प्रश्न असतो तो वेळेचा. मोहोर फुललेला असताना सकाळच्या वेळी फवारले, तर परागीभवन करणाऱ्या माश्या मरतात आणि ढेकण्यापासून वाचवलेला मोहोर फळाविना झडतो. आपल्या राज्यात तर काजूच्या बोंडाचाही विचार करावा लागतो. इतर ठिकाणी पुष्कळदा बोंडे टाकून देतात, इथे ती कोळंबीवर, म्हणजे बोंडे तुडवण्याच्या उथळ खळग्यात, तुडवून रस काढला जातो आणि त्याची हुर्राक व फेणी ही मद्ये होतात. म्हणून शेवटची फवारणी आणि बोंडे गोळा करणे यांत किती दिवसांचे अंतर हवे, हे सांगितल्याशिवाय काजूवर कोणतेही औषध सुचवणे मला बेजबाबदारपणाचे वाटते. केरळच्या कासरगोड जिल्ह्यात याच ढेकण्यासाठी काजूच्या बागांवर हेलिकॉप्टरमधून एंडोसल्फान फवारले गेले, त्याचे परिणाम तिथल्या गावांनी भोगले आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या औषधाच्या उत्पादन, विक्री व वापरावर देशभर बंदी घातली. तो जिल्हा आपल्यापासून फार दूर नाही आणि पीक तर तेच आहे. ज्या झाडांवर हुमले, म्हणजे पाने शिवून घरटी करणाऱ्या तांबड्या मुंग्या, भरपूर असतात तिथे ढेकण्याचा त्रास कमी आढळतो. पण काजू काढताना त्या चावतात म्हणून त्यांची घरटी जाळली जातात आणि नंतर ढेकण्यासाठी औषध विकत आणले जाते. खोड पोखरणाऱ्या रोठ्यावर तर नुसती फवारणी पोहोचतच नाही. बुंध्याशी भुसा आणि डिंक दिसला की साल तासून अळी काढावी लागते आणि त्यासाठी कोणीतरी झाडाच्या बुंध्याशी वाकून पाहणे आवश्यक असते.

भाताच्या बाबतीत मला विशेषकरून खाजन शेतीची, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेल्या शेतीची, चिंता वाटते. लावणीनंतर सुरळीतील अळीने पाने कातरलेली दिसली की पायरेथ्रॉइड गटातील स्वस्त औषध मारण्याची घाई होते. वास्तविक जिथे निचरा शक्य आहे तिथे बांधीतले पाणी काढून पिकावरून दोर ओढला, तर पानांच्या सुरळ्या खाली पडतात आणि ही अळी पाण्याविना टिकत नाही. पायरेथ्रॉइडमुळे मात्र कोळी आणि इतर मित्रकीटक मरतात आणि पुढे तपकिरी तुडतुडे वाढून पोटरीच्या सुमारास शेतात करपल्यासारखे गोल चट्टे पडतात. तुडतुड्यांसाठीही दर चुडात, म्हणजे रोपांच्या एका जुडग्यात, १० ते १५ किडी दिसेपर्यंत थांबता येते, फक्त चूड बाजूला सारून बुंध्याजवळ पाहावे लागते. खाजनात याला आणखी एक पदर आहे. शेतातले पाणी मानशीतून, म्हणजे बांधातल्या पाणी सोडण्याच्या दारातून, खाडीत जाते, त्याच पाण्यात मासळी आणि सुंगटे, म्हणजे कोळंबी, वाढतात आणि पायरेथ्रॉइड माशांना व सुंगटांना अतिशय घातक असते. शेतकरी आणि मानशीवर मासेमारी करणारा यांच्यातले भांडण मी पाहिले आहे. त्या भांडणाचे मूळ असलेली बाटली विकणारा तिथे कुठेच नव्हता.

आता चतुर्थीच्या भाजीकडे येतो, कारण हा विषय आज तातडीचा आहे. काकडी आणि कारल्यावर फळमाशी टोचते, टोचलेल्या जागी डिंकासारखा थेंब येतो, फळ वाकडे होते आणि कापल्यावर आत पांढऱ्या अळ्या वळवळताना दिसतात. अळी आत गेल्यावर वरून मारलेले औषध तिच्यापर्यंत पोहोचत नाही. सत्तरीतील एका उत्पादकाने सापळे लावूनही फळे किडत असल्याचे सांगितले म्हणून मी त्याच्या मांडवात गेलो. सापळे माश्यांनी भरलेले होते, त्यामुळे उपाय चालतो आहे असे त्याला वाटत होते. पण सापळ्यातल्या माश्यांचे पंख जवळजवळ पारदर्शक होते आणि काकडीवर बसलेल्या माशीच्या पंखाच्या टोकाला तपकिरी ठिपका होता. दुकानातून त्याला आंब्याच्या फळमाशीसाठी असलेले मिथाईल युजेनॉलचे आमिष मिळाले होते, तर वेलवर्गीय भाज्यांवरील माशीसाठी क्यू ल्यूरचे आमिष लागते. शेजारच्या झाडांवरच्या आंब्याच्या माश्या सापळ्यात पडत होत्या आणि काकडीची माशी आपले काम निर्वेधपणे करत होती. आमिष बदलले, किडकी फळे रोज गोळा करून खोल पुरली, तेव्हा फरक पडला. या उत्पादकाने मधल्या काळात दोनदा फवारणी केली होती आणि ती फळे बाजारात गेली होती. माटोळीला, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या चौकटीला, बांधलेली आणि नैवेद्याच्या ताटात आलेली भाजी तोडणीनंतर एक-दोन दिवसांतच घराघरांत पोहोचते. फवारणी आणि तोडणी यांत ठेवायचे अंतर बाटलीच्या लेबलवर छापलेले असते, पण ते इतक्या बारीक अक्षरांत की चष्मा लावूनही वाचणे कठीण जाते.

कायदा अपुरा आहे, असे मला म्हणायचे नाही. कीटकनाशक कायदा १९६८ पासून आहे, विषारीपणानुसार लाल, पिवळा, निळा आणि हिरवा त्रिकोण लेबलवर असतो आणि विक्री परवान्यासाठी शैक्षणिक पात्रतेची अटही केंद्र सरकारने घातली आहे. पण पात्र माणूसही न पाहिलेल्या शेताला सल्ला देऊ शकत नाही. म्हणून माझी सूचना अशी आहे की, किमान लाल व पिवळ्या त्रिकोणाच्या औषधांची विक्री लेखी चिठ्ठीवर व्हावी आणि ती चिठ्ठी विभागीय कृषी कार्यालयातील अधिकाऱ्याने किंवा विक्रीशी संबंध नसलेल्या सल्लागाराने पीक पाहून द्यावी. त्या चिठ्ठीवर पीक, कीड, तिचे आढळलेले प्रमाण, औषधाची मात्रा आणि काढणीपूर्वी थांबायचे दिवस मराठी किंवा कोकणीतून ठळकपणे लिहिलेले असावेत.

यावर मनुष्यबळ कोठून आणायचे, असे विचारले जाईल आणि हा प्रश्न रास्त आहे. जुने गोवे येथे केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था आहे, उत्तर आणि दक्षिण गोव्यात कृषी विज्ञान केंद्रे आहेत आणि सुळकर्णे येथे कृषी महाविद्यालय आहे. कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षाला गावात राहून करायचा कार्यानुभव अनिवार्य असतो. त्या विद्यार्थ्यांना हंगामात ठरावीक शेतांचे साप्ताहिक निरीक्षण नेमून दिले, तर त्यांचे शिक्षणही होईल आणि तालुकावार कीडस्थितीची नोंदही मिळेल. आपल्याकडे नोकरी सांभाळून रविवारी शेती करणारे अनेक आहेत. त्यांना रोज पीक पाहणे जमत नाही आणि म्हणून ते भीतीपोटी आगाऊ फवारणी करतात, हे मी समजू शकतो. त्यांनीही आठवड्यातून एकदा दहा झाडांची पाने उलटून पाहिली तरी बऱ्याच फवारण्या वाचतील. आणखी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. भाजीची राखण, तोडणी आणि म्हापसा किंवा फोंड्याच्या बाजारात नेऊन विक्री हे काम बहुतांशी बायका करतात, पण शेतकरी मेळावे सकाळी, त्या बाजारात बसलेल्या असतात तेव्हाच भरतात. कीड पहिल्यांदा त्यांनाच दिसते, म्हणून सल्लाही प्रथम त्यांच्यापर्यंत पोहोचायला हवा.

आपल्या दैनिकाला माझी विनंती आहे की, पावसाळी हंगामात आठवड्यातून एकदा चार-पाच ओळींची कीडसूचना छापण्याची व्यवस्था करावी. कोणत्या तालुक्यात कोणती कीड दिसते आहे, ती कशी ओळखावी आणि आज फवारणीची गरज आहे की नाही, एवढे त्यात पुरेसे आहे. कोणत्याही औषधाच्या कंपनीचे नाव त्यात येऊ नये. पहिली सूचना काकडीवरील फळमाशीची असावी आणि ती चतुर्थीपूर्वीच छापून यावी. तिचा मजकूर आणि ओळख पटवणारी छायाचित्रे मी विनामूल्य देण्यास तयार आहे.

आपला विश्वासू,
एक कीड सल्लागार
फोंडा, गोवा