घरपोच सेवेची घाई नेमकी कोणाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरपोच सेवा पर्यावरणपूरक असावी का, असे विचारले तर बहुतेक ग्राहक होकार देतात आणि पैसे भरण्याची वेळ आली की ‘उद्याच मिळवा’ हा पर्याय निवडतात. यावरून लोकांना पर्यावरणाचे काही पडलेले नाही असे म्हणणे सोपे आहे. मला ते अर्धेच खरे वाटते.

माझाच दाखला देतो. गेल्या आठवड्यात मी एक वही, एक बल्ब आणि चार्जरची वायर लागोपाठच्या तीन दिवशी मागवली. तिन्ही वेळा डिलिव्हरी करणारा तोच मुलगा जिने चढून आला आणि बल्बच्या खोक्यात बल्बपेक्षा हवा भरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्याच जास्त निघाल्या. यांतल्या एकाही वस्तूची मला घाई नव्हती. ‘सर्व वस्तू एकत्र, चार दिवसांनी’ हा पर्यायही होता, पण तो पानाच्या तळाशी, आणि जलद सेवेपुढे खूण आधीच केलेली. मी ती बदलली नाही, ही चूक माझीच.

गोदामापासून दारापर्यंतचा शेवटचा टप्पा वाहतुकीत सर्वांत खर्चिक असतो. गाडी भरलेली असेल आणि थांबे जवळजवळ असतील, तर दर पार्सलमागे इंधन कमी लागते. घाईच्या मागणीमुळे मात्र ती अर्धी रिकामी निघते आणि ग्राहक घरी नसला की दुसरी फेरी पडते. विजेवरच्या गाड्यांनी धूर कमी होईल, फेऱ्या नव्हेत. जर्मनीत २००१ पासून पार्सल ठेवण्याचे सार्वजनिक लॉकर आहेत, त्यांमुळे दुसरी फेरी टळते. अर्थात तिथवर कोणी मुद्दाम मोटार काढून गेला, तर वाचलेले इंधन तिथेच संपते.

म्हणून विक्रेत्यांना विनंती आहे की, एकत्रित पाठवणीवर खूण आधीच असावी आणि ज्याला खरोखर घाई आहे, त्याने ती बदलावी. पर्यावरणपूरक पर्यायापुढे नुसते झाडाच्या हिरव्या पानाचे चित्र लावल्याने माझ्यासारख्याला काहीच कळत नाही. वस्तू कोणत्या दिवशी येईल हे नक्की सांगितले आणि तो दिवस पाळला, तर चार दिवस थांबायला माझी हरकत नाही; आज मी जलद सेवा घेतो ती बऱ्याचदा उशिराच्या तारखेवर भरवसा नसल्यामुळे.

आपला,
एक नियमित वाचक