चॅम्पियन्स लीगचा स्कोअर अर्धाच छापू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

एप्रिल २०२५ मधली गोष्ट. तुमच्या क्रीडा पानावर खाली कोपऱ्यात चार ओळींची बातमी होती की चॅम्पियन्स लीगच्या, म्हणजे युरोपातल्या फुटबॉल क्लबांच्या स्पर्धेच्या, क्वार्टर फायनलमध्ये इंग्लंडच्या ॲस्टन व्हिलाने पॅरिसच्या पीएसजीला ३-२ ने हरवलं. बस्स, बातमी संपली. माझा नववीतला पुतण्या पेपर घेऊन माझ्याकडे आला आणि म्हणाला, "काका, व्हिला जिंकली की, मग सेमीला पीएसजी कशी काय?" आता बातमी खोटी नव्हती, मॅच व्हिलानेच जिंकली होती, पण त्याआधी पॅरिसमध्ये पीएसजी ३-१ ने जिंकलेली आणि दोन्ही मॅचचा मिळून हिशोब झाला ५-४, म्हणून पुढे गेली पीएसजी. हे एक वाक्य त्या बातमीत असतं तर पोरगं गोंधळलं नसतं. म्हणून हे पत्र लिहितोय.

चॅम्पियन्स लीगच्या नॉकआउटमध्ये फायनल सोडली तर प्रत्येक जोडी दोनदा भिडते, एकदा यांच्या मैदानावर, एकदा त्यांच्या, आणि दोन्हीकडचे गोल एकत्र मोजतात. म्हणजे मॅच ९० मिनिटांची नाहीच, १८० मिनिटांची आहे आणि पहिला लेग, म्हणजे दोनपैकी पहिली मॅच, संपला की फक्त हाफ टाइम झालेला असतो. ह्याच व्हिला-पीएसजीचं बघा ना. पॅरिसमध्ये ९० मिनिटं संपली तेव्हा पीएसजी २-१ ने पुढे होती, इंजुरी टाइममध्ये नुनो मेंडेसने तिसरा मारला, तेव्हा कुणालाही वाटलं असेल की मॅच तर हातात आलेलीच आहे, एक गोल वाढला काय न वाढला काय. पण बर्मिंगहॅमला, आपल्या घरच्या मैदानावर, व्हिला ०-२ अशी मागे पडून सुद्धा तीन गोल मारून उठली, मॅकगिन आणि कोन्साचे गोल तर दोन मिनिटांत आले, त्यानंतर अर्धा तास पीएसजीचा जीव टांगणीला, डोनारुम्मा गोलमध्ये उभा राहिला म्हणून निभावलं, आणि शेवटी फरक किती, तर एक गोल. तो पॅरिसचा शेवटचा गोल! हीच पीएसजी पुढे ३१ मे ला म्युनिकमध्ये फायनलला इटलीच्या इंटरला ५-० ने हरवून पहिल्यांदा चॅम्पियन झाली. अर्धा स्कोअर छापला की ही सगळी गोष्टच वाचकाच्या हातातून निसटते.

आणि नुसता आकडा कधीकधी अगदी उलटंच सांगतो हो. ७ मे २०१९, चॅम्पियन्स लीगची सेमी, लिव्हरपूलचं मैदान ॲनफिल्ड, लिव्हरपूल ४ बार्सिलोना ०. हे वाचून काय वाटेल, एकतर्फी मॅच झाली. पण आठवडाभर आधी बार्सिलोनात लिव्हरपूल ३-० ने हरलं होतं, ॲनफिल्डला त्यांचे स्ट्रायकर सालाह नाही, फर्मिनो नाही, आणि ७९ व्या मिनिटाला एकूण ३-३ अशी बरोबरी असताना लिव्हरपूलला तो कॉर्नर मिळाला. अलेक्झांडर-अर्नोल्ड बॉल ठेवून दोन पावलं लांब गेला, वाटलं त्यांचाच शकिरी घेणार, बार्साच्या डिफेंडरांचं लक्षच नाही, कोणी पाठमोरा, कोणी आपल्याच नादात, आणि हा गर्रकन वळला आणि बॉल आत मारला, बॉक्समध्ये लिव्हरपूलचा ओरिगी एकटाच जागा, चौथा गोल! आई आतल्या खोलीत झोपलेली म्हणून मी टीव्हीचा आवाज बंद करून बघत होतो, उशीत तोंड खुपसून ओरडलो. आज सुद्धा तो कॉर्नर बघितला की अंगावर काटा येतो.

दुसऱ्याच रात्री ॲमस्टरडॅमला दुसऱ्या सेमीत लुकास मोराने अयाक्सविरुद्ध ९६ व्या मिनिटाला आपला तिसरा गोल मारून टॉटनहमला फायनलला नेलं, तिथे तर एकूण स्कोअर ३-३ होता. पुतण्याला हे पण कळेना, कारण अवे गोलचा नियम त्याने बघितलेलाच नाही. बरोबरी असेल तर दुसऱ्याच्या मैदानावर ज्याचे गोल जास्त तो पुढे, हा १९६५ पासूनचा नियम युएफाने, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेने, २०२१-२२ च्या सीझनपासून काढून टाकला, आता एक्स्ट्रा टाइम आणि मग पेनल्टी. माझं मत विचाराल तर काढला ते बरं झालं, घरच्या मैदानावर एक गोल खाल्ला की टीम उगाच घाबरून खेळायची. अशा जुन्या मॅचची आठवण छापताना नियमाची एक ओळ दिलीत तर नवीन पोरांना कळेल.

मला तुमची अडचण पण कळते. मार्चमध्ये मॅच आपल्याकडे रात्री दीडला सुरू होते, एप्रिलमध्ये तिकडची घड्याळं पुढे गेल्यावर साडेबाराला, २०२५ ची इंटर-बार्सिलोनाची सेमी तर एक्स्ट्रा टाइममध्ये गेली आणि संपेपर्यंत तीन वाजून गेले, तोवर तुमचा अंक छापून गाडीत पडलेला असतो. मान्य. पण म्हणजे बातमी तसाही एक दिवस उशिराच येते, मग हातात पूर्ण दिवस असताना ती अर्धी कशाला? आपल्या कोल्हापुरातल्या शाहू स्टेडियमवरच्या मॅचमध्ये कुणी कितव्या मिनिटाला गोल मारला आणि टायब्रेकरला कुणाची पेनल्टी अडली हे तुम्ही मनापासून छापता, ते वाचूनच आमच्या पेठेतली पोरं फुटबॉल शिकली. तोच माणूस ह्या बातमीवर बसवा एवढंच म्हणणं आहे.

जास्त जागा नको. पहिल्या लेगची बातमी असेल तर परतीची मॅच कधी आणि कुठे ते लिहा, दुसऱ्या लेगची असेल तर हेडिंगमध्ये कोण पुढे गेलं ते आधी आणि खाली दोन्ही मॅचचा एकूण स्कोअर. "व्हिला जिंकली, पण पीएसजी सेमीत, एकूण ५-४", एवढी एक ओळ पुरते. आणि २०२६ ची फायनल ३० मे ला बुडापेस्टमध्ये आहे, ती तिकडे संध्याकाळी सहाला म्हणजे आपल्याकडे साडेनऊला सुरू होणार, तेव्हा ती तरी दुसऱ्या दिवशी सकाळच्याच अंकात फोटोसकट येऊ दे. पुतण्याला मी तसं सांगून ठेवलंय.

आपला नियमित वाचक,
शिवाजी पेठ, कोल्हापूर