घरकुलाच्या स्लॅबवर माती नको, पण गारवा पाहिजे

मा. संपादक,
स.न.

मे महिना आला की जळगाव-भुसावळचं टेंपरेचर कुठपर्यंत गेलं ते आपण रोज छापता, पण ज्या छताखाली माणसं भाजतात त्याबद्दल कोणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र.

आपल्या खान्देशात गावोगावी धाब्याची घरं होती, काही अजून उभी आहेत. लाकडी कड्या, त्यावर फळ्या नाहीतर पऱ्हाट्या (कपाशीच्या काड्या), मग वाळवी लागू नये म्हणून कडुलिंबाचा पाला आणि वर फूटभर माती. मृगाच्या आधी त्यावर खारी म्हणजे खारवट माती टाकायची, ती ओली झाली की फुगते, बारीक भोकं बुजतात आणि पाणी खाली उतरत नाही. भर दुपारी अशा घरात कूलरची आठवण येत नाही. आणि आताचं घरकुल बघा, चार-पाच इंची उघडा स्लॅब, दिवसभर तापतो आणि अर्ध्या रात्रीपर्यंत ती आग खाली सोडतो, पंखा काय फिरवणार, गरम हवाच.

लगेच कोणी म्हणेल परत धाबं घाला. नको भाऊ! फूटभर मातीचं वजन चौरस मीटरला अर्धा टन भरतं, १९९३ ला किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या भिंती आणि असलीच जड माळवदं अंगावर पडून हजारो माणसं गेली. शिवाय दरवर्षी खारी टाकायला माणूस मिळतो कुठे, आणि उंदरांचं तर विचारूच नका.

पण युक्ती घेता येते ना! वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी केरळात फिलर स्लॅब केले, स्लॅबच्या खालच्या भागात काँक्रीटला फारसं काम नसतं तिथे सळ्यांच्या मधे कौलं ठेवायची, काँक्रीट वाचतं, वजन कमी होतं आणि कौलांच्या पोकळीतली हवा उष्णता अडवते. झालेल्या स्लॅबवर इंजिनिअरला विचारून उलटी मडकी मांडून वर कोबा करता येतो, आपल्या कुंभारांनाही काम मिळेल. सगळ्यात स्वस्त म्हणजे पांढरा चुना, फेविकॉल घालून दोन हात मारले तरी फरक पडतो. तेलंगणाने २०२३ ला कूल रूफ पॉलिसी आणून सरकारी इमारतींना ऊन परतवणारं थंड छत बंधनकारक केलं, आपल्याकडे ऊन काय कमी आहे का?

घरकुलाला जे अनुदान मिळतं त्यात सिमेंट-सळईच भागत नाही, तर चुन्याचे पैसे वेगळे द्या आणि मार्चमध्ये द्या, जूनमध्ये देऊन काय उपयोग. शेवटच्या हप्त्याआधी घराचा फोटो काढायला माणूस येतोच, त्याने दोन मिनिटं वर चढून छताचाही एक फोटो काढावा.

आपला वाचक,
अमळनेर, जि. जळगाव