विनूचं नाव घेऊ का?

कर्वेनगर, पुणे ५२
८ जानेवारी

प्रिय शैला,

हे फोनवर बोलता आलं नसतं. तुला ऐकवलं नसतं, मला सांगवलं नसतं, म्हणून लिहितेय. इकडे सगळे बरे. ह्यांची शुगर आटोक्यात आहे, माझा गुडघा तुझ्या गुडघ्यासारखाच. एवढंच त्याबद्दल.

आमच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर इंजिनिअरिंगच्या मुली भाड्याने राहतात. त्यातली एक, लातूरकडची, गेल्या आठवड्यात सकाळी बाथरूममध्ये बेशुद्ध पडली. गॅस गिझर. ती वाचली, हे आधी सांगते, मगच पुढचं वाच. नळ चालू आहे आणि ही हाकेला ओ देत नाही, म्हणून तिच्या मैत्रिणीने दार बडवायला सुरुवात केली. कडी तुटेपर्यंत मी जिना उतरून पोचले होते. आम्ही तिला धरून गॅलरीत आणलं, मी सिलिंडर बंद केला, कुणीतरी १०८ ला फोन लावला. दवाखान्यात ऑक्सिजन दिला, दुपारपर्यंत पोरगी बोलायला लागली. वडील रात्रीच्या गाडीने आले. आता घरी घेऊन गेलेत.

ते सगळे गेल्यावर मी एकटी त्या बाथरूममध्ये परत गेले. शैला, खिडकीच्या काचपट्ट्यांवर पुठ्ठा लावलेला होता. थंडी येते म्हणून चारी बाजूंनी चिकटपट्टी मारून बंद. तुझा विनू असाच गॅस गिझरने गेला, त्याच्या खिडकीला वर्तमानपत्र होतं, इथे कुरियरच्या खोक्याचा पुठ्ठा. मी तो ओढून काढला आणि हातात घेऊन तशीच उभी राहिले. बाहेर चार जण होते, पण मला कुणाशी बोलवेना. त्यांना तो नुसता पुठ्ठा दिसणार होता.

आणि बोलणं काय चाललं होतं ऐक. ‘गॅस लीक झाला असणार.’ ‘पण वास नव्हता आला.’ ‘मग उपाशीपोटी आंघोळीला गेली असेल.’ विनूच्या वेळीही हेच ऐकलं होतं आपण, आठवतं? रात्री जागला असेल, काही खाल्लं नसेल. सिलिंडरमधल्या गॅसला वास मुद्दाम घातलेला असतो, तो न जळलेल्या गॅसला येतो. जीव घेतो तो दुसराच. बंद खोलीत ज्योतीला हवा पुरेनाशी झाली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. माणसाला गुदमरल्यासारखंही होत नाही, डोकं जड होतं आणि पाय जातात. नुसता एक्झॉस्ट फॅन लावला म्हणजे झालं असंही नाही. आत यायला हवेला वाटच नसेल तर तो काय बाहेर टाकणार? हा गिझर बाथरूममध्ये लावायचाच नसतो. बाहेर मोकळ्या हवेत लावायचा आणि फक्त पाणी नळीने आत आणायचं.

आपल्या नारायण पेठेतल्या वाड्यात हे कुणी कुणाला शिकवलं नव्हतं, तरी पाणी तापवायचा बंब मागच्या अंगणातच असायचा. मधल्या नळीत बंबफोड लाकडं आणि कोळसा, भोवती पाणी, धूर वर आभाळात. आणि आत्याचा तो कायदा, एक घागर गार ओतल्याशिवाय तोटीला हात लावायचा नाही. एकदा मार्गशीर्षात फार कडाका पडला म्हणून विनू म्हणाला होता, बंब न्हाणीघरातच ठेवू या. नानांनी त्याला असं झापलं होतं की तो दिवसभर माडीवरून खाली आला नाही. नानांना मोनॉक्साइड वगैरे शब्द माहीत नव्हते, पण बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेली माणसं त्यांनी पाहिली होती. तो बंब तू तांबट आळीत मोडीत घालायला निघाली होतीस, हे मी अजून विसरलेले नाही. मी नेला म्हणून राहिला. आणि हो, पहिल्या आंघोळीला दर दिवाळीला माझाच नंबर असायचा. तू कितीही नाकारलंस तरी आत्या साक्षीला होती.

दुसरं भांडण मात्र मिटलेलं नाही आपलं. त्या घरमालकाविरुद्ध तू तक्रार करू दिली नाहीस. ‘तक्रार करून विनू येणार आहे का?’ म्हणालीस, आणि मग किती महिने आपण बोललो नाही. तुझं दुःख मोठं होतं, मी तेव्हाही मान्य केलं, आजही करते. पण तुझं म्हणणं मला पटलेलं नाही. त्या बाथरूममध्ये पुढच्या वर्षी दुसरा कुणी भाडेकरू त्याच गिझरखाली आंघोळ करत असेल, हा विचार मला कितीदा येतो म्हणून सांगू.

तर आता आमच्या इमारतीचं. चार मजले, सोळा फ्लॅट. खालच्या दोन मजल्यांवर बहुतेक घरांत गॅस गिझर. का, ते मी या आठवड्यात शोधून काढलं. गच्चीवर पाणी तापवायचा सोलर आहे! बिल्डरने बसवून दिलेला. त्याच्यापोटी आम्ही सगळे घरपट्टीत पाच टक्के सवलत घेतो. पण गरम पाणी खाली येतच नाही. पाइप उघडे, त्यांच्यावरचं आवरण कधीच फाटून गेलंय. रात्रभर पाइपात उभं राहिलेलं पाणी गार होतं, ते सगळं वाहून गेल्याशिवाय गरम येत नाही. पहिल्या मजल्यावरच्यांनी बादल्या किती ओतायच्या? उन्हाळ्यात तर पाप वाटतं. शिवाय गच्चीवरच्या टाकीत बोअरचं पाणी मिसळतात. आपल्याकडचं बोअरचं पाणी किती जड, ते तुला माहीतच आहे. पॅनेलमधल्या तांब्याच्या बारीक नळ्या क्षारांनी भरत आल्यात. मी प्लंबरला वर नेऊन एक नळी उघडून बघितली, आत पांढरा दगडच. मग माणसं काय करतील? स्वस्तात मिळतो तो गॅस गिझर आणतात आणि बाथरूममध्ये टांगतात. माझं म्हणणं एवढंच आहे, शैला. हे गिझर लोकांच्या निष्काळजीपणाने आलेले नाहीत, वरचं पाणी खाली पोचलं नाही म्हणून आलेत. पाणी पोचवलं तर ते निघतील.

म्हणून गेल्या रविवारी सभा बोलवायला लावली. तिथे तू हवी होतीस. चौथ्या मजल्यावरचे काका म्हणाले, ‘आमचं पाणी इतकं कढत येतं की आम्हाला गार मिसळावं लागतं.’ त्यावर पहिल्या मजल्यावरच्या कुलकर्णीकाकू उठल्या आणि म्हणाल्या, ‘मग मिसळायच्या आधीच आमच्याकडे पाठवत चला.’ सगळी सभा हसली, काका सगळ्यांत जास्त. तेवढा एक क्षण वाटलं, होईल काम.

नंतर गच्चीवरून जुंपली. तरुण मंडळींना सोलर काढून तिथे विजेचे पॅनेल लावायचे आहेत. २०२४ च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारची सूर्यघर योजना आली, तीत सोसायटीच्या सामायिक विजेसाठी किलोवॅटला १८,००० रुपये अनुदान आहे. लिफ्टचं आणि पंपाचं बिल वाचेल. मुलं मनापासून बोलत होती, चुकीचं काही बोलत नव्हती. मी वही घेऊनच गेले होते. तू मला गणितात नेहमी मागे टाकायचीस, पण हे गणित तुला दाखवावंसं वाटतंय. शंभर लिटर पाणी २० अंशांवरून ५५ वर न्यायला साधारण ४ युनिट ऊर्जा लागते. चांगलं ऊन असेल तर गरम पाण्याचं २ चौरस मीटरचं पॅनेल ती देतं. तेवढीच ऊर्जा विजेच्या पॅनेलमधून घ्यायची तर १ किलोवॅट लागतो, म्हणजे सुमारे १० चौरस मीटर जागा. सोळा घरांना १,६०० लिटर धरलं तर ३२ चौरस मीटरमध्ये पाणी तापतं. त्या जागेत विजेचे पॅनेल फार तर ३ किलोवॅटचे बसतील. उरलेल्या गच्चीवर, जिन्याच्या छतावर विजेचे बसवा की, मी कुठे नाही म्हणते?

पण पावसाळा. हा प्रश्न मलाही छळत होता. जून ते सप्टेंबर आपल्याकडे ऊन म्हणजे पाहुणा. टाकीत विजेची कॉइल आहे, पण ती लावली की बिल भडकतं, म्हणून कमिटी ती बंद ठेवते, आणि तेवढ्यात आणखी दोन घरं गॅसवर जातात. यावर उपाय हीट पंप. आपल्या फ्रिजच्या मागची जाळी गरम होते ना? आतली उष्णता काढून मागे टाकतो तो. हा तसाच, फक्त गच्चीवरच्या हवेतली उष्णता घेऊन पाण्यात सोडतो. वीज फक्त कॉम्प्रेसर आणि पंख्याला लागते, त्यामुळे ज्या पाण्याला कॉइल ४ युनिट खाईल त्याला हा सव्वा ते दीड युनिटमध्ये तापवतो. ढग असले तरी त्याला फरक पडत नाही, हवा उबदार हवी, आणि पुण्याची हवा तशी आहे. हळू तापवतो, म्हणून मोठी टाकी लागते. दुपारी चालवायचा, तेव्हा हवा सगळ्यांत गरम. रात्री टाकी भरलेली.

तेव्हा मी मांडलं ते असं: नळ्यांतले क्षार धुऊन घ्या, सोलरला फक्त महापालिकेचं पाणी जोडा, पाइपांवर नवं आवरण चढवा. खालून वर परत जाणारी एक लाइन आणि पहाटे काही वेळ चालणारा छोटा पंप, म्हणजे पहिल्या मजल्यावरही नळ सोडला की गरम. हीट पंप पावसाळ्यासाठी. ज्यांना ते नको त्यांनी घरात पाच ताऱ्यांचा विजेचा गिझर लावावा, महाग पडेल पण जीव घेणार नाही. आणि हे सगळं होईपर्यंत आजच्या आज गॅस गिझर बाथरूमबाहेर.

शेवटच्या वाक्यावर सगळं अडलं. चेअरमन म्हणाले, कुणाच्या बाथरूममध्ये शिरायचा सोसायटीला अधिकार नाही. दुसरे म्हणाले, गॅस स्वस्त पडतो. त्यांच्याही घरचा हिशोब मी केला, रोजच्या शंभर लिटरला ४०० ग्रॅम गॅस जातो, १४.२ किलोचं सिलिंडर महिना-सव्वा महिन्यात संपतं. पण त्यांनी वहीकडे बघितलंही नाही. आणि तिसरे म्हणाले, ‘आम्ही वीस वर्षं वापरतोय, आम्हाला कुठे काय झालं?’ शैला, त्या वाक्यावर माझ्या तोंडाशी विनूचं नाव आलं होतं. मी ते गिळलं. तुला विचारल्याशिवाय ते नाव चारचौघांत घ्यायचा मला हक्क नाही.

ती लातूरची मुलगी वाचली, म्हणूनच बहुधा लोकांना ते ‘चक्कर येऊन पडली’ एवढंच वाटतंय. आकडे मी सांगितले, ते ऐकून घेतले गेले आणि विरून गेले. तेवीस वर्षांचा, रोज टेकडी चढणारा, धडधाकट मुलगा साध्या आंघोळीला गेला आणि परत आला नाही, हे कुणीतरी समोर उभं राहून, डोळ्यांत बघून सांगायला हवं. त्या खोलीत खिडकी होती आणि ती बंद केलेली होती, हे सांगायला हवं. मला रडू येईल, येऊ दे.

पुढची सभा संक्रांतीनंतरच्या रविवारी आहे. विनूचं सांगू का? नाव न घेता ‘माझ्या मैत्रिणीचा भाऊ’ असंही म्हणता येईल, पण मला नाव घेऊनच सांगायचंय. नाव नसलं की लोक ती पेपरातली बातमी समजतात. तू म्हणशील तसं. दोन ओळी लिही किंवा नुसता ‘हो’ किंवा ‘नको’ असा मेसेज टाक, कारण विचारणार नाही. नको म्हणालीस तर त्याच्याबद्दल एक शब्द काढणार नाही. गिझरबद्दल मात्र गप्प बसणार नाही, एवढं आधीच सांगून ठेवते.

तुझ्या सुनेला सातवा लागला ना? डिंकाचे लाडू पाठवते, पहिल्या पार्सलमधले तुझ्या मुलानेच संपवले असं कळलंय, या वेळी तिच्या नावाने पाठवीन. आईंचा मोतीबिंदू झाला का? नाशिकला थंडी आपल्याहून जास्त, जपून राहा. आणि तुझ्या घरी काय आहे ते मी कधी विचारलंच नाही. नवीन फ्लॅटमध्ये गिझर कुठला, कुठे लावलाय, आणि बाथरूमची खिडकी उघडते का? उत्तरात हे पहिलं लिही.

तुझी,
मंजू