बाबा, या वेळी मांजर

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस,
सा. न. वि. वि.

फोन स्पीकरवर ठेवला की तुम्ही दोघं एकदम बोलता. बाबांना लॅब्रॅडॉरचं पिल्लू हवंय, आईला पार्किंगमधली मांजर, चिंगी, वर आणायचीय, आणि शेवटी दोघंही मलाच विचारता, ‘तू कोणाच्या बाजूची?’ घाईत उत्तर द्यावं असा हा विषय नाही. एक जीव घरात येणार आहे. म्हणून लिहितेय. बाबा, सावकाश वाचा आणि आईला मोठ्याने वाचून दाखवा.

मी बाबांच्या बाजूची आहे. लहानपणापासून कुत्र्यांचीच. तरीही, मांजर आणा असं सांगायला हे पत्र आहे.

बाबा, तुमचं म्हणणं मला कळतं. चाळीत मोत्या होता. नाव कोणी ठेवलं ठाऊक नाही, भाकरी सगळ्या बिऱ्हाडांतून मिळायची. तुम्ही फोर्टातून बँक सुटल्यावर करी रोडला उतरायचात आणि तो भारतमाताच्या कोपऱ्यापर्यंत तुम्हाला घ्यायला यायचा. तुमच्या हातात काही असो नसो, त्याला फरक पडायचा नाही. दर गुरुवारी दत्ताच्या फोटोला हार घालताना तुम्ही त्या चार कुत्र्यांवरही फूल ठेवता. ‘कुत्र्याला सोडून स्वर्गात येणार नाही’ म्हणणारा युधिष्ठिर आम्ही तुमच्याकडूनच ऐकला. आणि १८३२ची ती हकीकतही. कंपनी सरकारने रस्त्यावरची कुत्री मारायचा हुकूम काढला, तेव्हा फोर्टातल्या पारशांनी दुकानं बंद ठेवून शहर अडवून धरलं होतं. ती सांगताना तुमचा आवाज अजून चढतो. निवृत्तीनंतर दार उघडलं की कोणीतरी धावत यावं, ही इच्छा किती साधी आहे. ती मोडून काढायची माझी अजिबात इच्छा नाही.

पण मोत्या चाळीत राहत होता. जिना उतरला की रस्ता, अंगण, पडवी सगळं त्याचं. कधी फिरायचं, कुठे झोपायचं, कोणाकडे जेवायचं, हे तो स्वतः ठरवायचा. आता चाळीच्या जागी टॉवर उभा आहे आणि तुम्ही सतराव्या मजल्यावर. इथल्या कुत्र्याचा सगळा दिवस तुमच्या पायांवर अवलंबून राहणार. सकाळी, दुपारी, रात्री त्याला खाली न्यायचं, ताप असला तरी, लिफ्ट बंद असली तरी. पूर्ण वाढलेलं लॅब्रॅडॉर तीस किलोच्या आसपास भरतं, आणि पहिली दोन वर्षं त्याच्या अंगात नुसती धावायची खुमखुमी असते. समोर दुसरं कुत्रं दिसलं आणि त्याने एकदम ओढ घेतली, तर तुमचा उजवा गुडघा तो झटका घेईल का?

तुम्ही मला स्वीडनच्या अभ्यासाची बातमी पाठवली होती. ती मी नीट वाचली. २०१७चा अभ्यास आहे, सुमारे ३४ लाख माणसांच्या नोंदींवरचा. कुत्री पाळणाऱ्यांमध्ये, विशेषतः एकट्या राहणाऱ्यांमध्ये, हृदयविकाराने होणारे मृत्यू कमी आढळले, हे खरं आहे. पण मुळात तब्येतीने ठणठणीत माणसंच कुत्रं पाळत असतील, ही शक्यता त्या संशोधकांनीच बोलून दाखवली आहे. दुसरा एक अभ्यास अमेरिकेतला, २०१९ साली आलेला. पासष्टीपुढच्या माणसांना साखळीतलं कुत्रं फिरवताना होणारी फ्रॅक्चर्स २००४ ते २०१७ या काळात अडीच पटींहून जास्त झाली. त्यात बायका जास्त होत्या आणि खुब्याचं हाड मोडण्याचं प्रमाण मोठं होतं. तुम्ही आजारी पडलात तर खाली कोण जाणार? आई जाणार. माझ्या डोळ्यांसमोर तेच येतं.

आणि आपलं लालबाग. गणपतीत आपल्या गल्लीतून माणसाला वाट मिळत नाही. दर्शनाच्या रांगा, ढोलताशे, रात्रभर स्पीकर. आपल्याला त्याची सवय आहे, त्यात आनंद आहे. कुत्र्याचे कान मात्र आपल्यापेक्षा कितीतरी तिखट. त्या दहा दिवसांत त्याला रोज तीनदा त्या गर्दीतून न्यायचं म्हणजे त्याचे हालच. मांजराला आतल्या खोलीत कपाटावर जागा करून दिली, दार ओढून घेतलं, की तिला जमतं. पावसाचंही तसंच. हिंदमाताला पाणी भरलं की तुम्ही आम्हाला चपला घालूनसुद्धा त्यात पाय टाकू देत नव्हता, कारण २००५च्या त्या जुलैनंतर लेप्टोने शहरात काय केलं ते सगळ्यांनी पाहिलं. उंदरांच्या मुतातून पसरणारा तो आजार कुत्र्यालाही होतो, त्याची लस दरवर्षी द्यावी लागते. घरात राहणाऱ्या मांजराला त्या पाण्यात उतरावंच लागत नाही.

आता तुमचा खरा आक्षेप. मांजर बेइमान असते, घराशी बांधलेली असते, माणसाशी नाही, असं तुम्ही आईला नेहमी म्हणता. बाबा, हे मला पटत नाही. २०१९मध्येच अमेरिकेतल्या ओरेगन स्टेट विद्यापीठात मांजराची पिल्लं आणि त्यांची माणसं एका अनोळखी खोलीत ठेवून पाहिलं. माणूस थोडा वेळ बाहेर जाऊन परत आला की सुमारे ६४ टक्के पिल्लं त्याच्याजवळ येऊन, शांत होऊन, पुन्हा खेळायला लागली. तान्ह्या मुलांमध्ये आईबद्दल अशी खात्री जवळजवळ याच प्रमाणात दिसते. जपानमध्ये असंही दिसून आलं की मांजराला स्वतःचं नाव इतर शब्दांपासून वेगळं ओळखता येतं. फक्त ती प्रत्येक हाकेला उठून येत नाही.

तिच्या पूर्वजांचा इतिहासच तसा आहे. कुत्रा माणसासोबत निदान चौदा-पंधरा हजार वर्षं आहे, शिकारीत, राखणीत, हुकमावर काम करत. मांजर आली शेती सुरू झाल्यावर, कोठारातल्या उंदरांच्या मागे, स्वतःच्या सोयीने. सायप्रसमध्ये साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका थडग्यात माणसाशेजारी मांजर पुरलेली सापडली. म्हणजे सोयीने आलेली ती, तेव्हाच कोणाची तरी जवळची झाली होती. तिला हुकूम कळत नाही, सोबत कळते. तुम्ही सकाळी पेपर घेऊन खिडकीशी दोन तास बसता ना, त्या दोन तासांत न हलता शेजारी बसणारा प्राणी कुत्रा नाही, मांजर आहे. एक करून बघा. तिच्याकडे पाहून सावकाश डोळे मिटा आणि सावकाश उघडा. इंग्लंडमध्ये यावरही अभ्यास झालाय. बहुतेकदा तीही तसंच करते आणि मग जवळ यायला कमी बिचकते.

आई, आता तुला सांगायचंय, आणि यातलं काही तुला आवडणार नाही. चिंगीला दूध देणं बंद कर. मोठ्या झालेल्या बहुतेक मांजरांना दूध पचत नाही, पोट बिघडतं. तिला गोडाची चवही कळत नाही, त्यामुळे शिऱ्याचा घास तिच्यासाठी नुसताच तुपाचा गोळा. बोंबील, मांदेली दे, पण उकडून, काटे काढून, मीठ-हळद-लसूण न घालता. कांदा आणि लसूण तिच्या रक्तातल्या लाल पेशी मोडतात. नुसत्या मासळी-भातावरही ठेवायचं नाही. टॉरीन नावाचं एक द्रव्य तिला खाण्यातूनच मिळावं लागतं, नाहीतर डोळे आणि हृदय दोन्ही जातात. म्हणून मांजरांसाठी मिळणारं तयार खाणंही रोज हवं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, बाबांच्या गोळ्यांचा डबा. टेबलावर उघडा पडलेला असतो तो. तिला कणकण वाटली म्हणून तू प्रेमाने पॅरासिटामॉलची अर्धी गोळी देशील, आणि तेवढ्याने मांजर मरते. कोणी लिलीचा बुके आणला तर तो दारातूनच परत पाठव, त्याचे पराग अंगाला लागून चाटले गेले तरी मांजराची मूत्रपिंडं निकामी होतात.

पिल्लू नको, चिंगीच हवी, हे तुझं म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे. ती चार-पाच वर्षांची असावी, स्वभाव तुला ठाऊक आहे. आधी परळला बैलघोड्याला, म्हणजे जनावरांच्या हॉस्पिटलात, नेऊ. (बाबा, ट्रामचे नि बग्ग्यांचे घोडे, गाड्यांचे बैल जिथे उपचाराला यायचे, तेच हॉस्पिटल आज आपल्या मांजरासाठी चालत जाण्याच्या अंतरावर आहे, हे लालबाग-परळकरांचं मोठं भाग्य.) तपासणी, जंताचं औषध, रेबीजची आणि मांजरांच्या इतर आजारांची लस, आणि झाली नसेल तर नसबंदी. मग पहिले काही दिवस एकाच खोलीत ठेवायची, एकदम सगळं घर दाखवायचं नाही. रस्त्यावर वाढलेल्या जिवाला बंद दाराची सवय हळूहळूच होते. रात्री ओरडेल, तुमची झोप मोडेल. तेवढं सोसा.

सेक्रेटरींनी लावलेल्या नोटिशीची काळजी करू नका. भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट आहे की सोसायटीला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, सर्वसाधारण सभेत बहुमताने ठराव केला तरी नाही. त्याची प्रत मी आणून देते. भांडू नका, चहाला बोलावून दाखवा. घाण आपण आवरायची, हे आपल्याकडून पक्कं.

आता जे तुम्ही दोघंही फोनवर बोलत नाही ते. आई मागे एकदा स्वयंपाकघरातून हळूच म्हणाली होती, ‘आमच्यानंतर तिचं काय?’ बाबा तेव्हा टीव्हीचा आवाज वाढवून बसले. मी अभद्र बोलतेय असं वाटेल, पण हे लिहिल्याशिवाय पत्र पुरं होणार नाही. घरातली मांजर पंधरा वर्षंही जगते. तुम्ही पंच्याहत्तरीला आलात. हा हिशोब तुम्ही मनात केलाय आणि त्या भीतीने हात आखडता घेताय, हे मला माहीत आहे. रतन टाटा गेले तेव्हा, ऑक्टोबर २०२४मध्ये, त्यांनी मृत्युपत्रात आपल्या टिटो नावाच्या कुत्र्याच्या सांभाळाची सोय करून ठेवल्याची बातमी आली होती. बाबा, तुम्ही ती कापून डायरीत ठेवलीय, मी पाहिलीय. आपल्याला मृत्युपत्राची गरज नाही. मी इथे लिहून देते: तुम्ही दवाखान्यात असा, गावी असा, किंवा नसा, चिंगी माझी. घरात ह्यांच्याशी बोलून झालंय, मुलांना तर आत्ताच हवीय. बोरिवलीच्या घरात तिच्यासाठी जागा आहे आणि ती कायम राहील. हे पत्र जपून ठेवा.

कुत्र्याचं मात्र मी सोडून दिलेलं नाही. तुमच्या गेटबाहेर जी तीन कुत्री बसतात, त्यातल्या दोघांच्या कानाला खाच आहे, म्हणजे नसबंदी झालेली आहे. तिसऱ्याची राहिलीय. बाबा, तो तुमचा. महानगरपालिकेला किंवा एखाद्या संस्थेला कळवून त्याची नसबंदी आणि रेबीजची लस करून घ्या, दरवर्षीच्या लसीची नोंद एका वहीत ठेवा. बँकेत चाळीस वर्षं खाती सांभाळलेल्या माणसाइतकं हे काम कोण नीट करेल? २०२३च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे रस्त्यावरच्या कुत्र्यांना खायला घालायची जागा ठरवून घ्यावी लागते, जिना, गेट आणि मुलांच्या खेळायच्या जागेपासून लांब. ती जागा सोसायटीसोबत बसून तुम्हीच ठरवा. रोज सकाळी खाली उतरलात की तुमची वाट बघणारा असेल, आणि पाऊस असला, गुडघा दुखत असला, तर त्या दिवशी वॉचमनच्या हाती पोळ्या पाठवल्या तरी चालतील. साखळी हातात नसेल, हेच मला हवंय.

येत्या रविवारी मी सकाळीच येते. त्याआधी सगळ्या खिडक्यांची आणि बाल्कनीची मापं लिहून ठेवा. कबुतरांसाठी लावलेली नायलॉनची जाळी मांजराच्या दातांपुढे टिकत नाही आणि सतराव्या मजल्यावरून पडलेली मांजर नेहमी पायांवर उतरून वाचतेच असं नाही. तारेची पक्की जाळी लागली की मगच चिंगी वर येईल, त्याआधी नाही. आई, तुझ्या माळ्यावरची ती वेताची झाकणाची टोपली खाली काढून उन्हात ठेव, तिला दवाखान्यात न्यायला लागेल.

तुमची,
ताई