माझी मजुरी म्हंजी?

अंबाजोगाई
14 सप्टेंबर 2025

प्रिय सुधाकर,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या पत्राला तीन आठवडे उत्तर दिलं नाही, चिडला असशील. पण तू प्रश्नच असा टाकलास. जागतिक बँक म्हणते, भारतातल्या खर्चाचा गिनी निर्देशांक (शून्य म्हणजे सगळे सारखे, 100 म्हणजे सगळं एकाच्याच हाती) 2011-12 ते 2022-23 या काळात 28.8 वरून 25.5 वर आला, म्हणजे विषमता घटली. अर्थतज्ज्ञ पिकेटी आणि त्यांचे सहकारी म्हणतात, वरचे एक टक्का लोक देशाच्या उत्पन्नातला 22.6 टक्के वाटा नेतात. "खरं कोण बोलतंय तेवढं सांग," असं तू लिहिलंस.

अरे, एक जण खर्च मोजतोय, दुसरा उत्पन्न. शेठ कितीही मोठा असला तरी दोन वेळाच जेवणार. उरलेला पैसा जमिनीत आणि शेअरमध्ये जातो, तो खर्चाच्या तक्त्यात येईल कुठून? शिवाय बंगल्याचा वॉचमन सर्वेक्षणवाल्याला फाटकाच्या आत घेत नाही, हा माझा स्वतःचा अनुभव. उत्पन्नवाले प्राप्तिकराच्या आकड्यांचा आधार घेतात. पण कर भरणारे मूठभर, त्यामुळे खालच्या लोकांबाबत त्यांनाही अंदाजच बांधावा लागतो.

हे सगळं मला पाठ होतं. कळलं मात्र गेल्या महिन्यात, केज तालुक्यातल्या एका ओट्यावर. कॉलेजच्या छोट्या पाहणीसाठी फॉर्म भरत होतो. घर ऊसतोडीवाल्यांचं. दारात मांडव अजून तसाच, कारण थोरलीचं लग्न नुकतंच झालेलं. कपडे, भांडी, जेवणावळ असं लिहीत गेलो, तर या घराचा खर्च शेजारच्या दोन एकरवाल्याच्या वर गेला. मग विचारलं, कर्ज आहे का? नवरा म्हणाला, "कर्ज न्हाई. उचल हाय." मुकादमाकडून, म्हणजे मजुरांची टोळी नेणाऱ्या कंत्राटदाराकडून, तोडीच्या मजुरीपोटी आगाऊ लाखभर घेतलेली. माझ्या फॉर्मात उचलीला रकानाच नव्हता. मी मुकाट्याने 'कर्ज नाही'वर खूण केली.

एसटीत बसल्यावर हिशोब मांडला. 2024 मध्ये ठरलेला दर टनाला 366 रुपये. लाख फिटायला 273 टन ऊस तोडावा लागतो. नवरा-बायकोच्या एका जोडीला दिवसाला दोन टन धर, म्हणजे 137 दिवस. अख्खा हंगाम! अजून न तोडलेल्या उसावर लग्न लागलं होतं आणि माझ्या कागदावर ते कुटुंब सुस्थितीत दिसत होतं.

त्या घरातल्या बाईंना मी वेगळं विचारलं होतं, तुमची मजुरी किती? त्या हसल्याच. "माझी म्हंजी? कोयत्याची इचारा की." कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीत चढवणार त्या, पण पैसे जोडीच्या नावावर, आणि उचल घेताना मुकादमाशी बोलतो तो नवरा. घर हे एकक धरलं की घरातली विषमता मोजायची सोयच राहत नाही. बाईंचा वेगळा आकडा निघाला तो भलत्याच ठिकाणी: 2019 मध्ये सरकारी समितीपुढे आलं की बीडमधल्या 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींचं गर्भाशय काढलेलं आहे. पाळीमुळे खाडा पडला तर दंड, हेही त्यामागचं एक कारण.

मुकादमाला शिव्या घालून मोकळं व्हावंसं वाटतं, पण त्यांतले बरेच जण एके काळी स्वतः तोडणीला गेलेले असतात आणि कारखान्याचा करार त्यांच्याही मानेवर असतो. बाबासाहेब श्रेणीबद्ध विषमता म्हणायचे, ते असं पायरीपायरीने दिसतं.

फॉर्म नव्याने करतोय. उचलीचा रकाना घातलाय. बाईंच्या मजुरीचं काय करायचं ते अजून सुचत नाही. तुला सुचलं तर कळव.

दसऱ्यानंतर टोळी तुमच्या सांगलीकडे येईल. तुझ्या घरामागच्या माळावर त्यांच्या कोप्या, झोपड्या पडतात ना? फेब्रुवारीत तिथे यायचंय, पहाटे चारला, तोडीला निघतात तेव्हा. मुक्काम तुझ्याकडेच. वहिनींना आत्ताच सांगून ठेव आणि मोटारसायकलचा हेडलाइट दुरुस्त करून घे.

तुझा,
दिगू