मावशीकडे केनियाला निघण्याआधी

वास्को, गोवा

चि. स्नेहल हिस,
अनेक आशीर्वाद.

मुलांची सुट्टी धरून मेमध्ये जायचं तू म्हणतेस. मे नको. केनियात मार्च ते मे मोठा पाऊस असतो, आणि मावशी जिथे सिस्टर (ख्रिस्ती संन्यासिनी) आहे ते मिशन व्हिक्टोरिया सरोवराकाठच्या किसुमू शहरापासून बरंच आत, लाल मुरुमाच्या रस्त्यावर आहे. पावसाळ्यात सांग्याकडचा खाणीचा रस्ता कसा होतो ते आठव. गाडी रुतली की ट्रॅक्टर येईपर्यंत बसून राहायचं. नाताळही नको, कारण सिस्टरांना सगळ्यांत जास्त काम त्याच आठवड्यात. जानेवारीचा मध्य बरा. शाळेची दहा दिवसांची रजा पडली तर पडू दे.

तिकीट शेवटी काढ, आधी पिवळ्या तापाची लस. केनिया भारतातून थेट येणाऱ्याकडे लस घेतल्याचं कार्ड मागत नाही, म्हणून लोक ते टाळतात आणि परतताना मुंबईत अडकतात. केनियातून आलेल्याकडे कार्ड नसलं तर आपलंच सरकार त्याला सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतं. कार्ड लागू होतं टोचल्यापासून दहा दिवसांनी, आणि २०१६ पासून ते आयुष्यभर चालतं. इथे मुरगाव बंदराच्या आरोग्य कार्यालयात ही लस मिळते, पण रोज नाही. एका कुपीत अनेक डोस असतात आणि ती मिसळली की सहा तासांत संपवावी लागते, म्हणून ठरलेल्या वारी माणसं गोळा करून टोचतात. तेव्हा दोन महिने आधी वेळ घे. धाकट्याची गोवराची लस त्याच सुमारास येत असेल तर दोन्ही एकाच दिवशी द्यायच्या, नाहीतर मध्ये चार आठवडे सोडायचे. डॉक्टरांना आधी विचार. साठीपुढे या लशीचा त्रास होण्याचा धोका वाढतो, त्यामुळे बाबांना टोचायची की न टोचण्याचा दाखला घ्यायचा हे त्यांच्या डॉक्टरांनी ठरवायचं. कार्डावरचं नाव पासपोर्टाशी अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे. आपल्या आडनावाची इंग्रजीत दोन स्पेलिंगं चालतात हे तुला वेगळं सांगायला नको.

मग ई-टीए. जानेवारी २०२४ पासून व्हिसाच्या जागी ही ऑनलाइन परवानगी आहे आणि तान्ह्या मुलालाही ती वेगळी लागते. अर्ज फक्त सरकारी साइटवर कर. हुबेहूब तशाच दिसणाऱ्या साइटी जादा पैसे घेतात. राहण्याचा पुरावा म्हणून मावशीकडून संस्थेच्या लेटरहेडवर पत्र मागव. त्यात पत्ता, तारखा आणि सगळ्यांची नावं हवीत. अर्जात जाण्याचं कारण ‘नातेवाइकांची भेट’ एवढंच लिही. ‘मिशनला मदत’ असं भाबडेपणाने लिहिलंस की प्रश्न सुरू होतात, कारण धर्मसंस्थेच्या कामाचा परवाना वेगळा असतो आणि तो मावशीकडे आहे, आपल्याकडे नाही. म्हणून तिथे गेल्यावर दवाखान्यात हातभार लावायचा किंवा शाळेत तास घ्यायचा उत्साहही नको. आपले गोव्याचे संत जुझे वाझ पाद्र्यांना बंदी असताना १६८७ मध्ये मजुराच्या वेषात श्रीलंकेतल्या जाफन्यात शिरले होते. आपल्याला नुसता फॉर्म भरायचा आहे, तो तरी नीट भरू.

मलेरियाच्या बाबतीत गोवेकर उगाच निर्धास्त असतात. आपल्याकडे बहुतेक व्हायव्हॅक्स जातीचा मलेरिया. व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी फाल्सिपेरम, जो उपचाराला उशीर झाला तर जीव घेतो. मोठ्यांना डॉक्सिसायक्लिन चालेल: निघण्याआधी एक-दोन दिवस सुरू, रोज एक, आणि परतल्यावर चार आठवडे. लोक चुकतात ते इथेच, घरी आलो म्हणून गोळ्या बंद करतात. आठ वर्षांखालच्या मुलांना ती देत नाहीत. त्यांना अॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल, वजनाप्रमाणे. ती परतल्यावर सातच दिवस. मावशी इतकी वर्षं तिथे राहूनही रोज गोळी घेत नाही, तिचं पाहून आपण सोडायची नाही. परतल्यावर ताप आला तर ‘केनियाला जाऊन आले’ हे डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगायचं आणि त्याच दिवशी रक्त तपासायचं.

बॅग भरताना तुझी सगळ्यांत आवडती वस्तू, प्लास्टिकची पिशवी, घरीच ठेव. ऑगस्ट २०१७ पासून केनियात तिच्यावर बंदी आहे आणि दंड मोठा आहे. सोलां (आमसुलं), कुळथाचं पीठ, लोणचं झाकणाच्या डब्यांत; कपडे कापडी पिशव्यांत. मावशीने तांबड्या भाजीचं बी मागितलंय, पण परवान्याशिवाय बियाणं नेता येत नाही. तशीही त्याच जातीची भाजी तिथल्या बाजारात ‘तेरेरे’ म्हणून मिळते. मिशनच्या दवाखान्यासाठी औषधांचा खोका मुळीच नको. आपली औषधं मूळ पाकिटात, चिठ्ठीसकट. प्लगला तीन चौकोनी पायांचा अॅडॅप्टर लागेल. डॉलरच्या नोटा नव्या आणि न दुमडलेल्या घे, जुन्या चुरगळलेल्या तिथे नाकारतात. रोख तीन हजार डॉलरच्या आत, बाकी कार्डावर. पोहोचल्यावर पासपोर्ट दाखवून सिम घे आणि एम-पेसा, म्हणजे मोबाइलवरून पैसे द्यायची सोय, चालू कर. भाजीवालीसुद्धा त्यावरच पैसे घेते.

विमान दाबोळीचं की मोपाचं ते तिकिटावर नीट वाच. इथपासून मुंबईपर्यंतचं तिकीट वेगळं काढलंस तर पहिलं विमान चुकल्यास पुढची कंपनी जबाबदार नसते, आणि सामान मुंबईत उतरवून पुन्हा द्यावं लागतं. एकाच तिकिटावर काढ, दोन-तीन हजार जास्त गेले तरी चालतील. नैरोबीहून किसुमूला छोटं विमान, तासाभराच्या आत. रस्त्याने अख्खा दिवस जातो आणि मुलं ओकतात.

मावशीला साडी-घड्याळ असलं काही नेऊ नको. व्रत घेतलेल्या माणसाची भेट सगळ्या सिस्टरांची होते, म्हणून सगळ्यांना पुरेल असं ने: खाजं, काजू, शिवणाचे दोरे. रात्रीचा मुक्काम फुकट धरायचा नाही. जेवणाखाण्याचा हिशेब करून पाकीट सुपीरियरच्या, म्हणजे प्रमुख सिस्टरच्या, हातात द्यायचं, मावशीच्या नव्हे. पहाटेच्या प्रार्थनेच्या वेळी मुलांना अंगणात दंगा करू देऊ नको. विषुववृत्तावर साडेसहा-सातला अंधार पडतो. त्याआधी घरात यायचं, लांब बाह्या घालायच्या आणि मच्छरदाणी गादीखाली खोचायची.

बाबांचा पासपोर्ट मार्चमध्ये संपतोय. पोहोचायच्या दिवशी सहा महिने शिल्लक लागतात, म्हणून पणजीला नूतनीकरणाची वेळ मी आज घेते. तू लशीची घे, आणि ती मिळेपर्यंत तिकिटाला हात लावू नको.

तुझी,
आई